एका नावाच्या दोन लायब्रऱ्या

"सर, टर्मिनल उघडत नाहीये."

कॉम्प्युटर लॅबमध्ये हे वाक्य कानावर पडलं की मी आधी विचारतो, "काल काय इन्स्टॉल केलंस?" आणि उत्तर ठरलेलं असतं, "काहीच नाही, सर." त्या दिवशीचा मुलगा मात्र सरळ निघाला. मशीनवर उबुंटू १८.०४ होतं, त्यात पायथन ३.६. त्याच्या प्रोजेक्टला हवं होतं ३.८. ते त्याने रीतसर आणलं, इथवर काही बिघडलं नव्हतं. पण नुसतं 'पायथन३' टाइप केलं की जुनंच उघडायचं, त्याचा त्याला कंटाळा आला. म्हणून 'अपडेट-अल्टरनेटिव्हज' ही कमांड वापरून त्याने 'पायथन३' हे नाव ३.८ कडे वळवून टाकलं. दुसऱ्या दिवशी टर्मिनलच्या चिन्हावर क्लिक केलं, तर चक्र थोडा वेळ फिरलं आणि विझलं. कंट्रोल-ऑल्ट-टी दाबलं तरी तेच. पडद्यावर एक अक्षर नाही.

कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून आम्ही काळ्या पडद्यावर गेलो, लॉगिन केलं आणि 'ग्नोम-टर्मिनल' हाताने चालवून पाहिलं. आता संदेश दिसला: '_जीआय' इम्पोर्ट होत नाही. उबुंटूमधलं ग्नोम-टर्मिनल सुरू करणारी फाइल ही एक छोटीशी पायथन स्क्रिप्ट आहे. तिच्या पहिल्याच ओळीत '/यूएसआर/बिन/पायथन३' लिहिलेलं असतं आणि पुढे ती 'जीआय' नावाची लायब्ररी मागते. त्या लायब्ररीचा एक भाग आधीच कंपाइल केलेला असतो आणि त्याच्या फाइलच्या नावातच '३६एम' असा शिक्का असतो. म्हणजे ही वस्तू पायथन ३.६ साठीच घडवलेली. ३.८ ने ती उचललीच नाही. त्याने '३८' शिक्क्याची फाइल शोधली, ती कुठेच नव्हती, आणि स्क्रिप्टने तिथेच मान टाकली.

नाव पुन्हा ३.६ कडे वळवलं, टर्मिनल उघडलं. काम दोन मिनिटांचं. पण त्या एका बदलामुळे सॉफ्टवेअर अपडेटची खिडकीही उघडत नव्हती आणि नवी रिपॉझिटरी जोडायची कमांड 'एपीटी_पीकेजी' सापडत नाही म्हणून रडत होती. कारण तेच, तिच्याही फाइलवर ३.६ चा शिक्का.

मुलाचा तर्क चुकलेला नव्हता. आपल्या मशीनवर 'पायथन३' म्हटलं की आपल्याला हवं ते उघडावं, ही अपेक्षा अगदी रास्त. फक्त ते नाव त्याचं नव्हतं. ते सिस्टीमचं होतं, आणि सिस्टीमचे पंधरावीस कारभारी त्याच नावाने रोज हाक मारत होते.

लायब्ररी म्हणजे इथे तयार कामांची पेटी. फाइल दाबून लहान करणं, संदेश कूटबद्ध करणं, अक्षरं पडद्यावर जुळवणं, अशी कामं प्रत्येक प्रोग्रॅमने नव्याने लिहायची नसतात. ती पेटी मशीनवर एकदा ठेवायची आणि सगळ्यांनी तिच्यातून घ्यायचं. याचा फायदा नुसता डिस्कवरच्या जागेचा नाही. ७ एप्रिल २०१४ रोजी ओपनएसएसएलमधलं 'हार्टब्लीड' हे भगदाड जाहीर झालं. १.०.१ पासून १.०.१एफ पर्यंतच्या आवृत्त्या त्यात सापडल्या. ज्या सर्व्हरवर सगळे प्रोग्रॅम सिस्टीमची एकच सामाईक प्रत वापरत होते, तिथे ते एक पॅकेज बदललं, सेवा पुन्हा सुरू केल्या की काम झालं. (पुन्हा सुरू करणं विसरलं, तर चालू प्रोग्रॅम मेमरीतली जुनी प्रतच वापरत राहतो, अनेकांचा पाय इथे घसरतो.) पण ज्या सॉफ्टवेअरने स्वतःच्या पोटात ओपनएसएसएलची वेगळी प्रत बाळगली होती, ते सिस्टीम अपडेट होऊनही तसंच उघडं राहिलं.

म्हणजे सामाईक ठेवण्यात शहाणपण आहे. अडचण एवढीच, की मशीनवर माल आणणारे आता एकटे राहिलेले नाहीत. एकीकडे सिस्टीमचा पॅकेज मॅनेजर. डेबियन-उबुंटूवर एपीटी, रेडहॅटच्या घराण्यात डीएनएफ. कुठली आवृत्ती कुणाबरोबर चालते हे तपासून तो माल ठेवतो, आणि म्हणूनच त्याचा माल वर्ष-दोन वर्षं जुना असतो. दुसरीकडे पिप, कोंडा, एनपीएम, किंवा सोर्स कोड आणून स्वतः चालवलेलं 'मेक इन्स्टॉल'. यांना ताजा माल हवा असतो, आणि पहिल्या कारभाऱ्याच्या वहीत काय लिहिलंय ते वाचायची यांना सवय नाही. एपीटीला पिपने काय आणलं ते माहीत नसतं. पिप एपीटीने आणलेलं पाहतं, पण त्याच्या वहीत नोंद करत नाही.

आता प्रोग्रॅम सुरू होताना काय घडतं ते बघू. लिनक्सवर प्रत्येक प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्यांची नावं असतात. पत्ते बहुधा नसतात, नुसती नावं. ती शोधून आणायचं काम लोडरचं. गावात नवा पोस्टमन आला आणि त्याच्या हातात नुसतं 'पाटील' लिहिलेलं पत्र असेल, तर तो काय करेल? वेशीपासून चालत येईल आणि 'पाटील' अशी पाटी दिसेल त्या पहिल्या दारात पत्र टाकून मोकळा होईल. मागच्या आळीत दुसरे पाटील राहतात, पत्र खरं तर त्यांचं होतं, हे त्याला कळायला मार्ग नाही.

लोडरची वाट ठरलेली आहे. प्रोग्रॅमच्या फाइलमध्येच कुणी 'आरपाथ' म्हणून फोल्डर लिहून ठेवलं असेल, तर आधी तिथे. मग 'एलडी_लायब्ररी_पाथ' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये जी फोल्डरं असतील तिथे. मग फाइलमधल्या 'रनपाथ'मध्ये. हा आरपाथचाच धाकटा भाऊ. फरक इतकाच की याचा नंबर व्हेरिएबलनंतर लागतो, आणि तो असला की आरपाथला कुणी विचारत नाही. त्यानंतर 'एलडीकॉन्फिग'ने बनवून ठेवलेली यादी, आणि शेवटी सिस्टीमची ठरलेली फोल्डरं. नाव जुळलं की शोध थांबला. माझ्या अनुभवात लायब्रऱ्यांची निम्म्याहून जास्त भांडणं ही यादी डोळ्यांसमोर ठेवली की उलगडतात, कारण खरा प्रश्न 'कुठली आवृत्ती इन्स्टॉल आहे' हा नसतोच. दोन्ही इन्स्टॉल असतात. प्रश्न असतो, दार आधी कुणाचं लागलं?

याचा सगळ्यात नमुनेदार खटला कोंडाचा. डेटा सायन्स, मशीन लर्निंग शिकणाऱ्या बहुतेकांनी तो कधी ना कधी भोगलेला असतो. मशीनवर उबुंटू २२.०४. कोंडाने केलेल्या एन्व्हायर्नमेंटमध्ये गणितं व्यवस्थित चालतात. त्रिमितीय आकृतीची खिडकी उघडायला गेलं की संदेश येतो: ग्राफिक्सचा ड्रायव्हर उघडता आला नाही, कोंडाच्या फोल्डरमधल्या 'लिबएसटीडीसी++.एसओ.६' मध्ये 'जीएलआयबीसीएक्सएक्स_३.४.३०' सापडलं नाही. आणि कंसात, हे कुणाला हवं होतं, तर सिस्टीमच्या एलएलव्हीएम लायब्ररीला.

हा संदेश बहुतेक जण अर्धाच वाचतात. 'सापडलं नाही' एवढं दिसतं आणि लगेच काहीतरी इन्स्टॉल करायला हात शिवशिवतात. पण सगळी गोष्ट त्या एका ओळीत लिहिलेली आहे. कोंडाच्या पायथनमध्ये आरपाथ असतो, म्हणून त्याने सी++ ची प्रमाण लायब्ररी स्वतःच्या घरातून उचलली. तिथली प्रत जीसीसी या कंपायलरच्या ११ व्या आवृत्तीच्या काळातली, तिच्यात ३.४.२९ पर्यंतचे शिक्के. मग खिडकी उघडायची वेळ आली. ग्राफिक्सचा ड्रायव्हर कोंडाचा नसतो, तो सिस्टीमचा असतो. त्याला, म्हणजे त्याच्या हाताखालच्या एलएलव्हीएमला, ३.४.३० हवं. ते सिस्टीमच्या प्रतीत आहे, कारण उबुंटू २२.०४ ने ही लायब्ररी जीसीसी १२ ची घेतली आहे. मग ती प्रत का नाही उघडली? कारण एकाच चालू प्रोग्रॅममध्ये त्या नावाची लायब्ररी आधीच उघडून बसली आहे, आणि एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. लोडर म्हणतो, 'लिबएसटीडीसी++.एसओ.६' ना? आहे की, ही घ्या.

आवृत्त्या बदलल्या तरी नाव एकच कसं राहिलं? कारण ही लायब्ररी करणाऱ्यांनी शब्द दिला आहे आणि पाळलाही आहे: जुना प्रोग्रॅम नव्या प्रतीवर चाललाच पाहिजे. म्हणून २००४ सालच्या जीसीसी ३.४ पासून शेवटचा आकडा ६ वर थांबलेला आहे. नव्या सोयी आल्या की नवे शिक्के वाढत जातात, जुना एकही काढला जात नाही. या एका गोष्टीतून उपायही निघतो. दोन प्रतींमध्ये जी नवी असेल ती दोघांनाही चालते, जुनी फक्त जुन्याला. तेव्हा त्या एन्व्हायर्नमेंटमध्ये कोंडा-फोर्जकडून 'लिबएसटीडीसीएक्सएक्स-एनजी' हे पॅकेज १२ किंवा त्यापुढचं घ्यायचं. खिडकी उघडते.

याच दुखण्यावर लोक आणखी एक औषध सांगतात: कोंडाच्या फोल्डरमधली ती फाइल उडवा आणि तिथून सिस्टीमच्या फाइलकडे लिंक ठेवा. चालतं, नाकारत नाही. पण पुढच्या वेळी कोंडाने ते पॅकेज अपडेट केलं की लिंक गेली आणि दुखणं परत. शिवाय सहा महिन्यांनी तो बदल आपणच केला होता हे आपल्याला आठवत नाही. मी स्वतः तीन तास अशा एका लिंकमागे घालवले आहेत, आणि ती मीच ठेवलेली होती.

खात्री करायची तर दोन साधी हत्यारं पुरतात. 'एलडीडी' ही कमांड कुठल्या नावाला कुठली फाइल मिळाली ते ओळीने दाखवते. पण ती सुरुवातीच्या मागण्यांपुरतीच. प्रोग्रॅमने चालता चालता नंतर मागवलेलं तिला दिसत नाही, आणि वरच्या खटल्यातला ड्रायव्हर नेमका नंतर मागवलेला. तिथे 'एलडी_डीबग' या व्हेरिएबलला 'लिब्ज' ही किंमत देऊन प्रोग्रॅम चालवायचा. मग लोडर कुठल्या दारात गेला, कुठून परत फिरला, कुठे थांबला, सगळं ओकतो. शेकडो ओळी येतात, त्यात लायब्ररीचं नाव शोधायचं. ज्याने हे एकदा केलं तो नंतर अंदाजाने काही करत नाही.

ओपनएसएसएलची रीत उलटी. तिथे मोठा बदल झाला की नावच बदलतात. 'लिबएसएसएल.एसओ.१.१' नंतर थेट 'लिबएसएसएल.एसओ.३'. नावं वेगळी, त्यामुळे दोन्ही एकाच मशीनवर सुखाने नांदू शकतात. पण उबुंटू २२.०४ ने फक्त ३ ठेवली, आणि जुनं सॉफ्टवेअर '१.१ उघडता येत नाही' म्हणून अडून बसलं. अशा वेळी काही बहाद्दर ३ च्या फाइलकडे १.१ नावाची लिंक करतात. रोग म्हशीला, इंजेक्शन पखालीला. नाव जुळतं, फाइल उघडते, आणि पुढच्याच क्षणी आतल्या शिक्क्यावर गाडी अडते, कारण प्रोग्रॅमला 'ओपनएसएसएल_१_१_०' शिक्क्याची कामं हवी असतात आणि आत असतात ३.० च्या शिक्क्याची. अडली ते बरंच झालं म्हणायचं. शिक्के नसते तर चुकीचं काम चुपचाप चालू राहिलं असतं. खरा मार्ग म्हणजे त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेणं. तीच मिळत नसेल, तर त्याची १.१ त्याच्याच फोल्डरमध्ये ठेवून फक्त त्याच्यापुरती दाखवणं. मात्र १.१.१ ची अधिकृत देखभाल ११ सप्टेंबर २०२३ ला संपली आहे. असं सॉफ्टवेअर इंटरनेटसमोर उभं करू नये.

आणि जीलिबसी, म्हणजे सी ची प्रमाण लायब्ररी? ती सगळ्यांची मूळमाया. 'जीएलआयबीसी_२.३४ सापडलं नाही' हा संदेश उबुंटू २०.०४ वर नेहमी दिसतो, कारण तिथे २.३१ आहे आणि प्रोग्रॅम नव्या मशीनवर बांधलेला असतो. इथे माझं मत अगदी एककल्ली आहे: तिला हात लावू नका. दुसरीकडून नवी जीलिबसी आणून तिचं फोल्डर एलडी_लायब्ररी_पाथमध्ये घातलं, तर साधं 'एलएस'सुद्धा कोसळतं, कारण लोडर आणि जीलिबसी एकाच जोडीचे लागतात. आणि सिस्टीममधली मूळ फाइल बदलली, तर 'एलएस', 'सुडो', चूक दुरुस्त करायला लागणारी 'एलएन', सगळीच एकदम जातात. जीलिबसी करणाऱ्यांना हा प्रसंग इतका ओळखीचा आहे की तिच्या सोर्ससोबत 'एसएलएन' नावाची एक छोटी कमांड येते. कुठल्याही सामाईक लायब्ररीशिवाय चालणारी, आणि काम एकच, लिंक करणं. प्रोग्रॅम ज्या सिस्टीमवर चालणार त्यातल्या सगळ्यात जुन्या सिस्टीमवर तो बांधावा, ही जुन्या लोकांची सवय याच अनुभवातून आली आहे.

एलडी_लायब्ररी_पाथबद्दलही दोन शब्द. 'बॅशआरसी'मध्ये, म्हणजे टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये, हे व्हेरिएबल ठरवणारी ओळ कायमची लिहून ठेवायचा सल्ला सर्रास मिळतो. त्याने ज्या एका प्रोग्रॅमचं अडलेलं असतं तो चालतो, आणि त्या टर्मिनलमधून सुरू होणाऱ्या बाकी सगळ्यांच्या वाटेत नवं दार उभं राहतं. मेनूतून क्लिक केलं की चालतं, टर्मिनलमधून चालत नाही, अशी तक्रार आली की मी आधी ही ओळ शोधतो. 'सुडो'ने चालतं पण तसं चालत नाही, ही तिचीच चुलत बहीण. व्हेरिएबल वापरायचंच असेल तर त्या एका प्रोग्रॅमला सुरू करणाऱ्या दोन ओळींच्या स्क्रिप्टमध्ये वापरावं. त्याहून बरं, प्रोग्रॅम बांधतानाच रनपाथमध्ये '$ओरिजिन' लिहावं, म्हणजे तो आपल्या बगलेतल्या फोल्डरमध्ये आधी बघतो आणि शेजाऱ्याला त्रास देत नाही.

एक शांत गुन्हेगार मात्र फार वर्षं लपून राहतो. तो '/यूएसआर/लोकल/लिब'मध्ये राहतो. हे फोल्डर मशीनच्या मालकाने स्वतः आणलेल्या मालासाठी राखीव आहे, पॅकेज मॅनेजर तिथे ढवळाढवळ करत नाही, आणि ही चांगलीच सोय आहे. पण डेबियन-उबुंटूवर लोडर हे फोल्डर सिस्टीमच्या फोल्डरांआधी बघतो. समजा, चार वर्षांपूर्वी नवी सोय हवी म्हणून एखादी लायब्ररी कुणी 'मेक इन्स्टॉल' केली. तेव्हा ती सिस्टीमच्या प्रतीपेक्षा नवी होती. मग सिस्टीमचं दोनदा अपग्रेड झालं, तिची प्रत पुढे गेली, आणि लोकलमधली म्हातारी अजून पहिल्या दारात बसून सगळी पत्रं घेते आहे. अपग्रेडनंतर विचित्र बिघाड दिसला की या फोल्डरमधल्या फाइलींच्या तारखा एकदा बघाव्यात. (उलट तक्रार, 'मेक इन्स्टॉल केलं तरी सापडत नाही', ही बहुधा 'एलडीकॉन्फिग' चालवायचं राहिल्याची.)

पायथनमध्ये हाच खेळ दुसऱ्या मैदानावर चालतो. 'सुडो पिप इन्स्टॉल' केलं की डेबियन-उबुंटूवर माल '/यूएसआर/लोकल'खालच्या 'डिस्ट-पॅकेजेस'मध्ये पडतो, आणि पायथन हे फोल्डर एपीटीच्या फोल्डरआधी वाचतो. 'सुडो' न लावता घरच्या फोल्डरमध्ये इन्स्टॉल केलं तर ते याहूनही आधी. यातून झालेला एक घोळ अनेकांनी पाहिला असेल. एपीटीने आणलेलं जुनं पायओपनएसएसएल आणि पिपने आणलेलं नवं क्रिप्टोग्राफी, ही दोन वेगळ्या घरांतली माणसं एका गाड्याला जुंपली गेली. जुन्याला नव्याकडे 'एक्स५०९' ने सुरू होणारं एक नाव हवं होतं, ते नव्याने काढून टाकलं होतं. परिणाम असा की पिप स्वतःच सुरू होईना, कारण त्याच्या पोटातला कोड पायओपनएसएसएलला हाक मारत होता. ज्याने घोळ घातला त्यालाच तो निस्तरता येईना. शेवटी '/यूएसआर/लोकल'मधलं ते फोल्डर हाताने काढून टाकावं लागायचं.

सिस्टीम बनवणाऱ्यांनी हे सगळं पाहून हळूहळू दारं लावून घेतली. सेंटओएस ६ वर 'यम' हा पॅकेज मॅनेजर पायथन २.६ वर चालायचा, आणि पायथन बदलून यम बंद पाडणाऱ्यांची कमी नव्हती. २०१९ च्या रेडहॅट ८ मध्ये त्यांनी सिस्टीमचं पायथन 'प्लॅटफॉर्म-पायथन' अशा नावाने एका आडबाजूच्या फोल्डरमध्ये हलवलं. सिस्टीमने आपलं खाजगी नाव घेतलं, 'पायथन३' तुमचं तुम्हाला. मला हा सगळ्यात शहाणा तोडगा वाटतो. मॅकवर २०१५ पासून '/यूएसआर'मध्ये, लोकलचा अपवाद सोडला, तर रूटलाही लिहिता येत नाही. विंडोजने 'डीएलएल हेल'चे, म्हणजे लायब्रऱ्यांच्या अशाच भांडणांचे, चटके खाऊन २००० च्या आवृत्तीत सिस्टीमच्या फाइली बदलल्या की परत मूळ जागेवर ठेवणारा पहारेकरी नेमला. डेबियनने जून २०२३ च्या १२ व्या आवृत्तीत पायथनचा पीईपी ६६८ हा प्रस्ताव लागू केला: 'एक्स्टर्नली-मॅनेज्ड' नावाची एक फाइल ठेवलेली असते, ती दिसली की पिप सिस्टीममध्ये काही टाकायला नकार देतं. त्याच वर्षी रास्पबेरी पायच्या सिस्टीममध्येही हे आलं, आणि छंद म्हणून तापमापक जोडणाऱ्या माणसांनाही पहिल्यांदाच 'व्हीएनव्ही' हा शब्द शिकावा लागला.

तो शिकण्यासारखाच आहे. 'पायथन३ -एम व्हीएनव्ही' ने प्रोजेक्टच्या फोल्डरात एक वेगळं घर होतं. त्यातलं पिप त्या घरातच माल ठेवतं. घर बिघडलं तर फोल्डर उडवायचं आणि नवं करायचं. ही सोय पायथनमध्येच २०१२ पासून, म्हणजे ३.३ पासून आहे. सुरुवातीच्या त्या मुलाला ३.८ चं व्हीएनव्ही करून दिलं. त्यात 'पायथन' टाइप केलं की ३.८ च उघडायचं. त्याला हवं होतं ते एवढंच होतं.

जिथे माल अवाढव्य असतो तिथे लोक अख्खं घर पाठीवर घेऊनच फिरतात. खोडदजवळच्या जीएमआरटी दुर्बिणीचा, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांचा डेटा ज्या 'कासा' सॉफ्टवेअरवर तपासला जातो, त्याचं एकगठ्ठा पॅकेज स्वतःचं पायथन आणि स्वतःच्या लायब्रऱ्या सोबत घेऊन येतं. फाइल उलगडायची, चालवायची, सिस्टीमला काही विचारायचं नाही. २०१३ मध्ये आलेलं डॉकर याच विचाराचं पुढचं टोक: प्रोग्रॅम आपल्या सगळ्या लायब्रऱ्यांसह एका 'कंटेनर'मध्ये बंद. नेदरलँड्सच्या एल्को डॉल्स्ट्राने २००६ च्या प्रबंधात मांडलेली निक्सची कल्पना याहून मुळाशी जाते: प्रत्येक पॅकेजच्या फोल्डरच्या नावात एक लांबलचक हॅश, त्यामुळे एका नावाच्या दोन लायब्रऱ्या उरतच नाहीत आणि पोस्टमनच्या पत्रावर आडनावाऐवजी पूर्ण पत्ता असतो. शिकायला अवघड, पण प्रश्नाचं मूळ पकडणारा तोडगा आहे. तरी कुठल्याच तोडग्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर पूर्ण वेगळा करता येत नाही. एनव्हिडियाच्या कार्डावर चालणाऱ्या कंटेनरमध्येसुद्धा ड्रायव्हरच्या लायब्रऱ्या बाहेरच्या मशीनमधूनच आत जोडतात, कारण त्यांना कर्नलमधल्या भागाशी तंतोतंत जुळावं लागतं.

वेगळ्या घरांची किंमतही मोजावी लागते. उद्या दुसरं हार्टब्लीड आलं, तर सिस्टीमची प्रत एपीटी बदलेल. तुमच्या सात व्हीएनव्ही, तीन कोंडा एन्व्हायर्नमेंट आणि दोन कंटेनरमधल्या प्रती तुम्हालाच शोधाव्या लागतील.

प्रती वेगळ्या असल्याचा एक घरगुती पुरावा मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोरच असतो. या लेखाच्या मथळ्यातला 'ऱ्या' घ्या. 'र' ची ती आडवी पापणी योग्य जागी बसवायचं काम लिनक्सवर बहुधा हार्फबझ नावाची लायब्ररी करते. फारसीत त्या नावाचा अर्थ 'खुलं अक्षर' असा होतो. पण मोझिलाकडून घेतलेलं फायरफॉक्स स्वतःची हार्फबझ घेऊन येतं, क्रोम स्वतःची, आणि सिस्टीमचा साधा टेक्स्ट एडिटर सिस्टीमची वापरतो. एकच फॉन्ट, एकच मजकूर, आणि तरी एखादं जोडाक्षर एका खिडकीत जुळतं आणि दुसरीत तुटतं, असं दिसलं तर बिचाऱ्या फॉन्टवर लगेच खापर फोडू नका. कुठल्या प्रोग्रॅमच्या पोटात किती जुनी प्रत आहे तेही बघा.

आता ज्यांनी आधीच सुडो पिप करून ठेवलं आहे, आणि आपण सगळ्यांनीच कधीतरी केलेलं असतं, त्यांच्यासाठी. '/यूएसआर/लोकल/लिब'खाली आपल्या पायथनच्या 'डिस्ट-पॅकेजेस' फोल्डरमध्ये काय काय पडलंय त्याची यादी करून ठेवा. त्यातलं जे खरोखर लागतं ते व्हीएनव्हीमध्ये नव्याने घ्या, ते चालतंय ना बघा, आणि मगच जुनं काढा. तोवर पिपने नकार दिला तर भांडू नका. त्याला गप्प करायचा पर्याय आहे, पण करणाऱ्यांनी त्याचं नावच '--ब्रेक-सिस्टीम-पॅकेजेस' असं ठेवलं आहे. टाइप करण्याआधी ते एकदा मोठ्याने वाचा.